निकाल आधीच ठरलेला असतो, मग रेसलिंगची मॅच 'भारी' कशावरून ठरते?

डब्ल्यूडब्ल्यूईची एखादी जुनी क्लिप सोशल मीडियावर टाकून बघा. खाली एक कमेंट हमखास येणार, "सगळं खोटं असतं रे." आणि तिच्याच खाली दुसरा कुणीतरी लिहिणार, "अंडरटेकर आणि शॉन मायकल्ससारखी मॅच परत होणे नाही."

गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, आणि तरीही काही मॅच इतक्या भारी होतात की तीस-चाळीस वर्षांनंतर लोक त्यावर भांडतात.

पण मग प्रश्न पडतो. क्रिकेटमध्ये धावफलक असतो, कुस्तीत पाठ टेकली की विषय संपतो. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये जिंकणं-हरणं हाच लेखकाने लिहिलेला भाग असेल, तर मॅच चांगली झाली की वाईट हे ठरवायचं कशावर? चाहते ते नेमकं कसं ठरवतात? आणि त्यांच्या या आवडीनिवडीची किंमत कुणाला मोजावी लागते? एकेक गोष्ट समजून घेऊ.

आधी 'खोटं' या शब्दाचा निकाल लावू

रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. रिंगच्या खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कापड असतं. गादी म्हणावी असं तिथे फारसं काही नसतं. शंभर किलोचा माणूस त्यावर पाठीवर आदळतो तेव्हा तो आदळतोच. फक्त कसं आदळायचं याचं त्याने प्रशिक्षण घेतलेलं असतं. या पडण्याला रेसलिंगच्या भाषेत 'बंप' म्हणतात.

हे सगळं खरं आहे असं भासवत राहायचं, ही या धंद्याची जुनी रीत. तिला 'केफेब' असा शब्द आहे. अनेक वर्षं रेसलर लोक रिंगबाहेरही हे नाटक सांभाळायचे. एकमेकांचे 'शत्रू' असलेले दोघे लोकांसमोर एका गाडीतून प्रवाससुद्धा करायचे नाहीत.

मग १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच (म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने) सांगून टाकलं, की आमचा खेळ ही खरीखुरी स्पर्धा नसून मनोरंजन आहे. कारण व्यवहाराचं होतं. खेळ म्हटला की क्रीडा आयोगाचे नियम आणि खर्च मागे लागतात, मनोरंजन म्हटलं की त्यातून सुटका होते.

त्यानंतर लोकांनी रेसलिंग बघणं बंद केलं का? अजिबात नाही. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांनी तर १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात हे मांडून ठेवलं होतं, की रेसलिंगच्या प्रेक्षकाला लढत ठरवलेली आहे की नाही याने फरक पडत नाही. त्याला डोळ्यांसमोर दिसणारं दुःख, अन्याय आणि न्याय बघायचा असतो. नाटकात मेलेलं पात्र पडदा पडल्यावर उठून चहा पिणार आहे हे माहीत असूनही आपण रडतो, तसंच हे.

आपण आधी छाती आणि बायसेप मोजायचो

नव्वदीच्या दशकात शाळेत असलेल्यांना रेसलिंगचे ट्रम्प कार्ड आठवत असतील. उंची, वजन, छाती, बायसेप, किती लढती लढला, किती जिंकला. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. आपल्याकडच्या कितीतरी पोरांसाठी भारी रेसलर कोण, याचं पहिलं मोजमाप हेच होतं.

हे मोजमाप अगदीच चुकीचं नव्हतं. आकार हा या धंद्यातला फार जुना हुकमी एक्का आहे. मुंबईत दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना गर्दी लोटायची, त्यात किंगकाँगच्या अवाढव्य देहाचा वाटा होताच. २००६ मध्ये द ग्रेट खली डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये आला आणि त्याने आल्या आल्या थेट अंडरटेकरला आडवं केलं, तेव्हाही तेच झालं. २००७ मध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. जाणकार चाहत्यांनी त्याच्या संथ हालचालींवर कायम टीका केली, तरी भारतात त्याच्यासाठी टीव्ही लागत राहिला.

म्हणजे इथेच दोन गट पडतात. एक 'काय मॅच झाली!' म्हणणारा, दुसरा 'काय माणूस आहे!' म्हणणारा. या दोन गटांचं सगळ्यात गाजलेलं भांडण एका रात्रीत बघायला मिळतं.

एकच रात्र, दोन मॅच

२९ मार्च १९८७. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं पॉन्टिॲक सिल्व्हरडोम. कार्यक्रम होता रेसलमेनिया ३. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला ९३,१७३. (हा आकडा फुगवलेला आहे, खरी गर्दी ७८ हजारांच्या आसपास होती, असं पत्रकार डेव्ह मेल्ट्झर सांगत आलेत. हा वाद आजही मिटलेला नाही.)

त्या रात्रीची पहिली गाजलेली मॅच होती 'माचो मॅन' रँडी सॅवेज विरुद्ध रिकी 'द ड्रॅगन' स्टीमबोट. काही महिन्यांपूर्वी सॅवेजने स्टीमबोटच्या गळ्यावर रिंगची घंटा आदळून त्याला जायबंदी केलं होतं, अशी कथा टीव्हीवर रंगवली गेली होती. आता तो परत आला होता, सूड घ्यायला आणि सॅवेजचा इंटरकॉन्टिनेन्टल किताब घ्यायला. मॅच चालली जेमतेम पंधरा मिनिटं. पण एक क्षण फुकट गेला नाही. सॅवेजला सगळं आधी बांधून घ्यायची सवय होती. दोघांनी मॅचमधली पायरीन् पायरी कागदावर लिहून काढली, पाठ केली आणि एकमेकांची उजळणी घेतली, असं स्टीमबोटने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. शेवटी सॅवेज पुन्हा तीच घंटा उचलतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील त्याला खाली पाडतो आणि स्टीमबोट त्याला गुंडाळून तीन मोजेपर्यंत दाबून ठेवतो. ज्या घंटेने अन्याय केला, तीच घंटा उलटते. गोष्ट पूर्ण.

दुसरी मॅच होती हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. आंद्रेची पाठ तेव्हा पार गेलेली होती, शस्त्रक्रिया झालेली होती, त्याला धड हलताही येत नव्हतं. मॅच बारा मिनिटांची, त्यातही बराच वेळ आंद्रे होगनला मिठीत आवळून उभा. डावपेच म्हणाल तर जवळपास शून्य. पण शेवटी होगनने त्या राक्षसी देहाला उचलून आपटलं आणि अख्खं स्टेडियम उसळलं. तो एक क्षण पुढची कित्येक वर्षं कंपनीच्या जाहिरातींमध्ये फिरत राहिला.

आंद्रेला आजवर कुणीच असं उचलून आपटलेलं नाही, असं तेव्हा प्रेक्षकांना सांगितलं गेलं होतं. ते खरं नव्हतं. खुद्द होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला आपटलं होतं. पण इंटरनेट नसलेल्या काळात हे कितीजणांना ठाऊक असणार?

आता निकाल बघा. मेल्ट्झर यांनी सॅवेज-स्टीमबोटला पाचपैकी साडेचार तारे दिले. होगन-आंद्रेला दिले उणे चार. हो, शून्याच्याही खाली. आणि तरीही याच होगन-आंद्रेची दुसरी मॅच ५ फेब्रुवारी १९८८ ला एनबीसी वाहिनीवर लागली, तेव्हा ती अमेरिकेत सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी बघितली. अमेरिकन टीव्हीवर रेसलिंगला एवढा प्रेक्षक पुन्हा मिळाला नाही.

मग भारी मॅच कोणती? जाणकार पहिलीचं नाव घेतात, आणि लहानपणी ती रात्र बघितलेल्या माणसाला दुसरी आठवते. चांगल्या मॅचच्या सगळ्या कसोट्या या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात.

हे तारे आले कुठून?

रेसलिंगचं रेटिंग म्हटलं की मेल्ट्झर यांचं नाव येतंच. 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' हे त्यांचं वार्तापत्र ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. पण मॅचला तारे देण्याची मूळ कल्पना त्यांची नाही. ती जिम कॉर्नेट आणि त्याचा मित्र नॉर्म डूली यांची. मेल्ट्झर यांनी ती उचलली आणि जगभर पोचवली.

पाच तारे म्हणजे सर्वोत्तम, असा साधा हिशोब होता. आणि ते मिळणं अवघड होतं. १९९७ नंतर डब्ल्यूडब्ल्यूईच्या एकाही मॅचला पाच तारे मिळाले नाहीत, ते थेट २०११ मध्ये मिळाले.

मग ४ जानेवारी २०१७ ला टोकियो डोममध्ये काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांची पाऊण तासाहून मोठी मॅच झाली आणि मेल्ट्झर यांनी तिला सहा तारे देऊन टाकले. त्याच वर्षी जूनमध्ये दोघं पूर्ण एक तास लढून बरोबरीत सुटले, तेव्हा सव्वासहा. जून २०१८ च्या मॅचला सात. पाचपैकी सात! अर्धे चाहते म्हणाले, मॅच होतीच तशी. उरलेले म्हणाले, मोजपट्टीच ताणली तर मोजायचं काय? टीका करणाऱ्यांत स्वतः कॉर्नेटही होता.

आज मेल्ट्झर हे एकटे परीक्षक राहिलेले नाहीत. 'कॅजमॅच' या जर्मन संकेतस्थळावर चाहते स्वतः मॅचला दहापैकी गुण देतात. अमेरिकेतलं 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' हे मासिक वर्षातल्या सर्वोत्तम मॅचसाठी वाचकांची मतं घेतं. तिन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्या तर त्या जुळतातच असं नाही.

पण कुणीही गुण देवो, हिशोब करताना बहुतेक चाहते पुढच्या पाच गोष्टी बघतात.

१. गोष्ट : हे दोघं का भांडतायत?

नुसते डाव टाकणारे दोन अनोळखी खेळाडू आणि एकमेकांचा हिशोब चुकता करायला आलेली दोन माणसं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रेसलिंगमध्ये सज्जन पात्राला 'बेबीफेस' म्हणतात आणि खलनायकाला 'हील'. कोण कोण आहे आणि पणाला काय लागलंय हे पहिल्या दोन मिनिटांत कळलं, की मॅचचं अर्धं काम होतं.

१७ जुलै २०११ ची जॉन सीना विरुद्ध सीएम पंक ही मॅच याचं उत्तम उदाहरण. गाव शिकागो, म्हणजे पंकचं घर. त्याचा कंपनीसोबतचा करार त्याच रात्री संपत होता आणि किताब जिंकून आपण कंपनी सोडणार, असं तो उघड सांगत फिरत होता. त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती, हे प्रेक्षकांना कळेना. त्या मॅचमध्ये चुका झाल्या, काही डाव नीट बसले नाहीत. तरी १९९७ नंतरचे डब्ल्यूडब्ल्यूईचे पहिले पाच तारे तिलाच मिळाले. गोष्ट घट्ट असेल तर लोक चुका माफ करतात.

२. सेलिंग : मार लागल्यासारखा वाटतो का?

समोरच्याचा मार आपल्याला खरंच लागलाय हे शरीराने पटवून देणं म्हणजे 'सेलिंग'. हे ओळखायची सोपी खूण आहे. पाचव्या मिनिटाला ज्याचा गुडघा मोडला असं दाखवलं, तो पंधराव्या मिनिटाला हरणासारखा पळत असेल, तर समजा सेलिंग फसलं. जाणकार चाहते याच गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडतात.

सेलिंगचा कळस बघायचा असेल तर २३ मार्च १९९७ ची, रेसलमेनिया १३ मधली ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन मॅच बघा. हार्ट सज्जन, ऑस्टिन खलनायक, अशी सुरुवात. शेवटी हार्टने 'शार्पशूटर' हा पायांचा पेच लावलाय, ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताची धार चेहऱ्यावर येतेय. तो ओरडतो, धडपडतो, पण हार मानत नाही. अखेर बेशुद्ध पडतो आणि मॅच थांबवली जाते. ऑस्टिन हरला, पण न शरण जाता. वर हार्ट मॅच संपल्यावरही त्याला मारत राहिला. लोक ज्याला शिव्या घालत होते त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले आणि ज्याच्यासाठी टाळ्या होत्या तो खलनायक झाला. एका मॅचमध्ये दोघांच्या भूमिकांची अदलाबदल! ऑस्टिनने मार किती मनापासून सोसून दाखवला, त्यावरच हे सगळं उभं आहे.

३. लय : कधी थांबायचं हे कळतं का?

सतत उड्या आणि सतत आदळआपट असेल तर पाच मिनिटांत डोळे थकतात. चांगली मॅच सावकाश तापते. आधी एकमेकांचा अंदाज, मग खलनायकाची सरशी, नायकाचे फसलेले प्रयत्न, मग अचानक पलटी. प्रत्येक मोठ्या डावाआधी थोडी शांतता लागते. तमाशातल्या ढोलकीवाल्याला कुठे थाप मारायची याच्याइतकंच कुठे थांबायचं हेही कळावं लागतं, तसं.

लांबी आणि दर्जा यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. सॅवेज-स्टीमबोट पंधरा मिनिटांत संपलं. ओकाडा-ओमेगा तास-तास चाललं. दोन्ही भारी. पण लांबवायची म्हणून लांबवलेली मॅच चाहते लगेच ओळखतात.

४. शेवट : 'आता संपलं' असं किती वेळा वाटलं?

रेफ्री दोन मोजतो, तिसरा हात खाली येणार, तेवढ्यात खालचा खांदा उचलतो. याला 'नियर फॉल' म्हणतात. हा क्षण कमवावा लागतो. प्रत्येक रेसलरचा एक हुकमी डाव असतो, 'फिनिशर'. तो बसला की मॅच संपते, असं वर्षानुवर्षं दाखवलेलं असतं. म्हणूनच मोठ्या मॅचमध्ये त्या डावातून कुणी उठला की स्टेडियमचा श्वास अडकतो. पण दर आठवड्याला लोक फिनिशरमधून उठायला लागले, तर त्या डावाची किंमत शून्य होते.

५ एप्रिल २००९ ला ह्यूस्टनमध्ये झालेली अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स मॅच यासाठीच आठवली जाते. अंडरटेकर रेसलमेनियात तोवर एकदाही हरला नव्हता. मायकल्सने आपल्या सगळ्यात मोठ्या डावाने त्याला पाडलं, तरी तो उठला. अंडरटेकरने आपला डाव लावला, तर मायकल्स उठला. अंडरटेकर जिंकणार असा अंदाज जवळपास सगळ्यांचा होता, तरी 'आज हा हरतोय' असं लोकांना पुन्हा पुन्हा वाटलं. मेल्ट्झर यांनी हिला पाच तारे दिले नाहीत, पावणेपाच दिले. तरी असंख्य चाहत्यांच्या यादीत ती आजही पहिली आहे.

५. गर्दी : समोरची माणसं काय करतायत?

रेसलिंगमध्ये प्रेक्षक हा तिसरा खेळाडू असतो. १७ मार्च २००२, टोरंटो, रेसलमेनिया एक्स८. एकीकडे ऐन भरात असलेला 'द रॉक', दुसरीकडे ४८ वर्षांचा हल्क होगन. कथेप्रमाणे रॉक नायक आणि होगन खलनायक. पण मॅच सुरू झाली आणि गर्दीने होगनलाच डोक्यावर घेतलं. मग दोघांनी चालू मॅचमध्ये आपापली वागणूक बदलली. डाव साधेच होते. पण लोकांचा आवाज बंद करून ही मॅच बघितली तर तिच्यात काही उरत नाही.

गर्दीची किंमत खरी कळली २०२० मध्ये. कोरोनामुळे त्या वर्षीची रेसलमेनिया ओरलँडोच्या प्रशिक्षण केंद्रात, एकाही प्रेक्षकाविना झाली. एज आणि रँडी ऑर्टन यांची छत्तीस मिनिटांची मॅच त्या शांततेत संपता संपेना अशी वाटली. उलट अंडरटेकर आणि एजे स्टाइल्स यांची स्मशानातली लढत सिनेमासारखी कॅमेऱ्यासाठी चित्रित केली होती, ती लोकांना आवडली. रिकाम्या सभागृहात नेहमीची मॅच तग धरत नाही, हे सगळ्यांना दिसलं.

मग सगळ्यात धोकादायक मॅच सगळ्यात भारी का?

इथे विषय गंभीर होतो. कारण चाहते ज्याला टाळ्या देतात, तेच रेसलर पुढच्या वेळी आणखी वाढवून करतात.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये टायगर मास्क आणि डायनामाइट किड यांनी अशा वेगाने मॅच केल्या, की पुढच्या पिढ्यांनी त्यांची नक्कल केली. त्या शैलीने डायनामाइट किडचं शरीर संपवलं. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्याने व्हीलचेअरवर काढली. २०१८ मध्ये तो गेला तेव्हा साठ वर्षांचा होता.

मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा यांची टोकियोच्या बुदोकानमधली ३ जून १९९४ ची मॅच जगातल्या सर्वोत्तम मॅचमध्ये गणली जाते. तिला पाच तारे आहेत. तिचा शेवट मिसावा कावादाला अक्षरशः मानेवर आदळतो, त्याने होतो. त्या काळात डोक्यावर-मानेवर पाडणारे डाव हीच या शैलीची ओळख झाली होती. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका मॅचमध्ये मिसावा साध्या सुप्लेक्सवर मागे पडला आणि उठला नाही. मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. वय ४६. त्या एका डावापेक्षा आधीच्या वीस वर्षांचा मार जास्त कारणीभूत होता, असं अनेक जाणकार मानतात.

ख्रिस बेन्वाचं नाव तर आजही चाहत्यांना अवघडून टाकतं. रिंगमधल्या कौशल्यासाठी त्याला सगळे मानायचे. जून २००७ मध्ये त्याने पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना वारंवारच्या आघातांनी झालेलं गंभीर नुकसान आढळलं. त्या कृत्यामागे हेच एक कारण होतं असं कुणी खात्रीने म्हणू शकत नाही. पण वरच्या दोरावरून डोकं आपटत घेतलेल्या ज्या उड्यांना लोकांनी उभं राहून दाद दिली होती, त्या उड्या नंतर तशाच नजरेने बघणं अनेकांना जमलं नाही. पुढे डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यात खुर्ची मारण्यावर बंदी घातली.

म्हणून जुन्या चाहत्यांमध्ये एक कसोटी आता जास्त बोलली जाते. समोरच्याला खरोखर इजा करणं कुणालाही जमतं. त्याला जराही इजा न करता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला 'मेला बहुतेक' असं वाटायला लावणं, हे खरं कसब. रिंगमध्ये प्रत्येक जण आपली मान समोरच्याच्या हातात देत असतो. ती मान सांभाळून मॅच रंगवणारा रेसलर मोठा.

पुढची मॅच बघताना स्वतःला हे विचारा

- आवाज बंद करून बघितली तरी कोण कुणावर का चिडलंय हे कळतंय का?
- सुरुवातीला झालेली दुखापत शेवटपर्यंत लक्षात ठेवली का?
- मोठ्या डावाआधी तुम्ही वाट बघत होतात, की डाव झाल्यावर तुम्हाला कळलं?
- निकाल माहीत असूनही एकदा तरी 'आता संपलं' असं वाटलं का?
- गर्दी एखाद्या उडीसाठी ओरडत होती, की त्या माणसासाठी?
- मॅच संपल्यावर दोघं आपल्या पायांवर चालत आत गेले का?

पहिल्या पाचांची उत्तरं तुमची आणि तुमच्या मित्राची वेगळी येतील. यावीतच. होगन-आंद्रेला उणे चार देणाराही चाहता आहे आणि ती मॅच बघून आयुष्यभरासाठी रेसलिंगच्या प्रेमात पडलेलाही चाहता आहे. त्यावर भांडायला हरकत नाही, त्यातच मजा आहे. सहाव्या प्रश्नावर मात्र भांडण होऊ नये. टाळी वाजवण्याआधी तो एकदा बघून घ्यावा, कारण रेसलर पुढच्या वेळी काय करणार हे त्या टाळीवर ठरतं.